पाळी बदलताना असेंब्लीत ढिले राहणारे बोल्ट

प्रश्न: भोसरीतील आमच्या कारखान्यात पंपांच्या असेंब्लीवर १४ जण २ पाळ्यांत काम करतात. पाळी बदलताना अर्धवट जोडलेला पंप पुढच्या माणसाच्या हाती येतो आणि केसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) एखादा बोल्ट नुसता हाताने फिरवलेला राहतो. चाचणीत गळती दिसली की दोन्ही पाळ्या एकमेकींकडे बोट दाखवतात. जुन्या फिटरना न दुखावता हे कसे थांबवावे?

उत्तर १: टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून केसिंगपर्यंत पेंट मार्करने सलग रेघ ओढायला सांगा. रेघ नसेल तर बोल्ट आवळायचा राहिला आहे, हे येणाऱ्याला विचारावे लागत नाही; रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर तो नंतर फिरला हेही कळते. पाळीगणिक रंग वेगळा ठेवा. मात्र त्यावरून दंड करू लागलात, तर लोक न आवळताच रेघा ओढतील. (आमच्याकडे तसेच झाले.)

उत्तर २: रेघ हवीच, पण शेवटच्या २० मिनिटांत नवा पंप हाती घेऊ देऊ नका, मग दिवसाचा आकडा एका पंपाने कमी भरला तरी चालेल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रंग कोणते, हे ज्येष्ठ फिटरनाच ठरवू देतो.