सोळा वर्षांच्या नायिका नेमक्या कुणासाठी?

अर्धविराम
माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. गेल्या वीसेक वर्षांत किशोरवयीन नायिकांच्या ज्या इंग्रजी कादंबऱ्या गाजल्या, त्यांतल्या बहुतेक जणी वयानं सोळा-सतराच्या आणि बाकी सगळ्या बाबतींत तिशीच्या आहेत. घर चालवतात, सरकारचा खोटेपणा ओळखतात, मरणाबद्दल सुभाषितं बोलतात. उगाच रुसत नाहीत, कंटाळत नाहीत, मैत्रिणीचं चांगलं झालं म्हणून त्यांच्या पोटात दुखत नाही.

'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) मधली हेझल घ्या. सोळा वर्षांची, कर्करोग झालेली. रुग्णांच्या बैठकीत एक मुलगा म्हणतो, लोक आपल्याला विसरून जातील याची मला भीती वाटते. ही तिथल्या तिथे सांगते की एक दिवस पृथ्वीवर माणूसच उरणार नाही, मग कोण कुणाला लक्षात ठेवणार. उत्तर देखणं आहे. पण सोळाव्या वर्षी अशी उत्तरं घरी गेल्यावर, रात्री अंथरुणात सुचतात.

हे असं का, याचं माझं उत्तर रोकडं आहे. बाऊकर या संस्थेनं २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पुस्तकखरेदीची पाहणी केली. बारा ते सतरा वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांच्या खरेदीदारांपैकी ५५ टक्के अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. सगळ्यात मोठा गट तीस ते चव्वेचाळीस वयाचा. आपलं तारुण्य नव्यानं, जरा अधिक हुशारीनं जगून बघायची हौस मोठ्यांना असते, आणि या नायिका ती पुरवतात. ज्या मुलींच्या नावानं पुस्तक निघतं, त्यांचा खरा वेडेपणा त्यात कुठेच नसतो.

तो वेडेपणा पूर्वी होता. लुइझा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'मध्ये (आपल्याकडे शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी') अ‍ॅमी रागाच्या भरात ज्योचं हस्तलिखित जाळते. ज्यो तिला माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी नदीवरचा बर्फ मध्ये पातळ झालाय हे ज्योला ठाऊक असतं, धाकटी मागून येतेय हेही ठाऊक असतं, तरी ती मुद्दाम वळून सांगत नाही. अ‍ॅमी पाण्यात पडते. पंधरा वर्षांच्या मुलीचा राग असा असतो, आणि हे १८६८ सालचं पुस्तक आहे.

कडुलिंब
साफ असहमत. तुम्ही ज्या पुस्तकांवर बोलताय त्यातलं सगळ्यात मोठं नाव तुम्ही शिताफीनं वगळलंत. सुझन कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' (२००८), जिथं सरकार निवडलेल्या मुलांना टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे एकमेकांना मारायला लावतं. कॅटनिस सोळाची नाही म्हणता? बाप खाणीतल्या स्फोटात गेला, आई दुःखानं बधिर होऊन बसली, अकराव्या वर्षापासून घराला खायला ही घालते. इथवर तुमची तिशीची बाई. पण धाकट्या बहिणीनं आईला कधीच माफ केलंय, कॅटनिसला ते जमत नाही. वर्षानुवर्षं आकस धरून बसते. बहिणीनं मांजर आणलं तेव्हा ते बादलीत बुडवायला निघाली होती. हा राग ज्योच्या रागापेक्षा कमी अस्सल कसा?

आणि घर चालवणारी सोळा वर्षांची मुलगी ही कादंबरीकारांची कल्पना नाही हो. अशा मुली जगात सगळीकडे आहेत. त्यांना रुसायला फुरसत नसते म्हणून त्या खोट्या?

चष्मिश
पाहणीचा आकडा मला फसवा वाटतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांची पुस्तकं विकत घेणार कोण? आईबाप, मावश्या, काका. घेणारा मोठा म्हणून वाचणाराही मोठा, हे कसं?

अर्धविराम
@चष्मिश, त्याच पाहणीत तोही प्रश्न होता. बहुसंख्य मोठ्या खरेदीदारांनी, ७८ टक्क्यांनी, पुस्तक स्वतःसाठी घेतल्याचं सांगितलं. मावश्या स्वतःच वाचताहेत. मीही वाचते, त्यात लाज नाही. फक्त लेखकाचं लक्ष आता कुणाकडे लागलंय ते बघा एवढंच म्हणते.

दहावी_क
नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे, म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय ती.

१. हेझलचं ते भाषण तिचं नाहीच. ती लगेच पुढे सांगते की हे मी माझ्या आवडत्या लेखकाकडून शिकले. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते आणि त्यातली वाक्यं लोकांच्या तोंडावर फेकते. सोळाव्या वर्षी माणूस नेमकं हेच करतो. पुढे तो लेखक प्रत्यक्ष भेटतो तर दारुडा आणि उद्धट निघतो.

२. तेराव्या वर्षी निदान झालेली मुलगी मरणाबद्दल विचार करूनच बसलेली असणार. तिला रात्री अंथरुणात सुचायची वाट का बघायला लावता?

३. वेडेपणा आम्हाला वर्गात फुकट मिळतो. पुस्तकात तोच परत कशाला? मला पुस्तकात अशी मुलगी हवी जिचं बोलणं मध्येच कुणी तोडत नाही.

कडुलिंब
@दहावी_क, क्रमांक एकला टाळ्या!

जुनाबाजार
जरा मागे जाऊ या. निर्दोष नायिका हा या वीस वर्षांतला शोध नव्हे. नॅन्सी ड्रू १९३० साली आली तेव्हा सोळाची होती. गाडी चालवते, चोर पकडते, वडील नामांकित वकील, आई नाही, अभ्यास नाही. लेखिकेचं नाव कॅरोलिन कीन, पण या नावाची बाई अस्तित्वातच नव्हती. वेगवेगळ्या लेखकांकडून लिहून घेत. पहिल्या तीसपैकी तेवीस पुस्तकं एकट्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. त्यांची नॅन्सी बरीच तडकफडक आहे, मोठ्यांना फटकन बोलते. १९५९ पासून जुनी पुस्तकं नव्यानं लिहून काढली, तेव्हा ती अठराची झाली आणि तिचा तिखटपणा बराच पातळ केला गेला. त्या नव्या लेखनात वर्णद्वेषी मजकूरही काढला, तो काढायलाच हवा होता. पण त्याच हातानं मुलीची जीभही कापली गेली.

सांगायचं कारण, नायिकेला गुळगुळीत करणं हा धंद्याचा जुनाच रिवाज आहे. त्यासाठी तिशीच्या वाचकांना झोडपायची गरज नाही.

आडवाटेची
अर्धविराम, तुम्हाला वेडी नायिका हवी होती ना? २००५ मध्ये मिळाली होती की. 'ट्वायलाइट'ची बेला. सतरा वर्षांची, धडपडी, स्वतःबद्दल न्यूनगंड, प्रेमात पडली की जग विसरणारी, 'तू नाहीस तर मी नाही' म्हणणारी. त्या वयाच्या अर्ध्या मुली मनातून अशाच असतात. मग काय झालं? जगभर तिची टिंगल झाली, आणि जी ती टिंगल करत होती ती मोठी, समंजस, वाचन-बिचन असलेली माणसं होती. मुलगी कणखर असली की 'सोळाची वाटत नाही', सोळाची वाटली की 'किती बावळट'. मुलग्यांच्या साहसकथांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तेरा वर्षांच्या पोरानं टोळी पकडून दिली की आपण टाळ्या वाजवतो.

निशाचर
बेलाची टिंगल मीही केली, आणि अजून करीन. हरकत तिच्या वेडेपणाला नाही. तिचा प्रियकर एडवर्ड व्हॅम्पायर आहे, १९०१ साली जन्मलेला, दिसायला सतराचा. तो रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. बेलाला हे गोड वाटतं, वाटू दे, सतराव्या वर्षी वाटू शकतं. पण पुस्तकालाही ते गोडच वाटतं! सगळा ग्रंथ तिच्या बाजूनं मान डोलावतो. कुठेही असा एक फटीएवढासुद्धा उजेड नाही जिथून वाचकाला वाटेल की अगं, जरा थांब.

अर्धविराम
@निशाचर, आता आपण मुद्द्यावर आलो. ज्योच्या बाबतीत निवेदक वेगळा आहे, तिच्यापेक्षा मोठा आहे. तो ज्योवर प्रेम करतो आणि तिचं चुकतंय हेही दाखवतो. आणि बर्फाच्या प्रसंगानंतर आई प्रवचन देत नाही, तर सांगते की मलाही आयुष्यात जवळजवळ रोज राग येतो. हे मला अजून धाडसी वाटतं.

पण 'मी' म्हणून सांगणाऱ्या नायिकेतही ही फट ठेवता येते. डोडी स्मिथचं 'आय कॅप्चर द कासल' (१९४८) वाचलंय कुणी? सतरा वर्षांची कॅसँड्रा, पडक्या किल्ल्यात राहणारं कफल्लक कुटुंब, ती वहीत सगळं टिपून ठेवते. लेखक बाप वर्षानुवर्षं एक ओळ लिहीत नाही, तर ही आणि धाकटा भाऊ त्याला चक्क बुरुजात कोंडतात, लिही म्हणून. थोरल्या बहिणीच्या वाग्दत्त वराच्या प्रेमात पडते, तो एकदा चुंबन घेतो, आणि त्यानंतर ती स्वतःला जी काही कारणं देत बसते ती वाचताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. तिला दिसत नाही ते आपल्याला दिसत असतं, तिच्याच शब्दांतून. मला हे हवंय. हल्लीच्या नायिकेला सगळं आधीच कळलेलं असतं.

कडुलिंब
वा! मग कॅटनिसकडे परत चला. तीही 'मी', आणि वर वर्तमानकाळात बोलणारी, म्हणजे मागे वळून शहाणपण सांगायची सोय नाही. खेळातला तिचा जोडीदार पीटा तिच्यावर खरंच प्रेम करतो हे सगळ्या वाचकांना कळतं, तिला कळत नाही. गुहेत ती त्याचं चुंबन घेते तेव्हा हिशेब असा की कॅमेऱ्यापुढे प्रेम दिसलं की बाहेरून मदत येईल. येतेही, रस्सा. त्यात खरं किती आणि नाटक किती हे तिचं तिला शेवटपर्यंत उलगडत नाही, आणि परतीच्या गाडीत पीटाला कळतं तेव्हा तो तुटतो. यापेक्षा मोठी फट कुठली पाहिजे तुम्हाला?

शिवाय 'या पोरीचं कुणावर प्रेम आहे?' हा प्रश्न तिथं निर्दय प्रेक्षक विचारतात. बाहेर आपल्याकडे मात्र पीटाचे समर्थक, तिचा जुना मित्र गेल याचे समर्थक असे तट पडले. कॉलिन्सबाईंनी आपल्यालाच आरसा दाखवला आणि आपण त्यात भांग पाडत बसलो.

अर्धविराम
हे कॅटनिसपुरतं मानते. पण तिच्यामागून आलेल्या रांगेचं काय? 'डायव्हर्जंट' (२०११) मधली ट्रिस: तीही सोळाची, तीही निवड-सोहळ्यात उभी, तीही हुकूमशाहीविरुद्ध. राग हा तिचा स्वभाव राहत नाही, शस्त्र होतं. तिरंदाज कॅटनिसच्या जागी सुरी फेकणारी आली की नवी मुलगी झाली असं नाही.

दहावी_क
ट्रिसला मारून टाकलं २०१३ च्या शेवटच्या भागात. तुमच्या साच्यातल्या नायिका मरत नाहीत, तुम्ही नीट वाचलेलं नाही. (मला तो शेवट आवडला. माझ्या मैत्रिणी त्यावरून अजून माझ्याशी भांडतात.)

चष्मिश
कुणीच 'स्पीक' (१९९९) चं नाव कसं घेतलं नाही? लॉरी हाल्स अँडरसन. मेलिंडा शाळेच्या नव्या वर्षात येते आणि तिच्याशी कुणी बोलत नाही, कारण उन्हाळ्यातल्या पार्टीला तिनं पोलिसांना फोन केलेला असतो. का केला, हे ती कुणालाच सांगत नाही. तिच्यावर बलात्कार झालेला असतो. ती ना कणखर ना मोहक. वर्ग बुडवते, शिपायाच्या जुन्या अडगळीच्या खोलीत लपते, ओठ चावून चावून रक्त काढते, गुण घसरतात. आणि विनोदी आहे, कडवट विनोदी. अर्धविराम यांना हवं ते सगळं इथं आहे, आणि हे पुस्तक अमेरिकेतल्या शाळांतून काढून टाकायच्या मागण्या वारंवार झाल्या. म्हणजे खरी सोळाची (ही चौदाचीच) मुलगी लिहिली की अडचण वाचकांना होत नाही.

जुनाबाजार
सगळे परदेशातच फिरताय. मराठीत 'शाळा' (२००४) आहे, बोकिलांची. नववीतला मुकुंद जोशी सांगतो, आणि काय सांगतो! पण शिरोडकर आपल्याला दिसते ती फक्त त्याच्या डोळ्यांनी. शिरोडकरनं सांगितलेली शाळा कुठं आहे?

निशाचर
मुलाचं मन लिहिलं म्हणून लेखकाला का पकडता? त्यांना जे लिहायचं होतं ते त्यांनी लिहिलं.

जुनाबाजार
लेखकाला कोण पकडतंय. फळीवर शेजारची जागा रिकामी आहे असं म्हणतोय. ती भरल्याशिवाय 'नायिका कशी असावी' यावर वाद घालणं म्हणजे बाजार भरायच्या आधीच भाव करणं.

आडवाटेची
+१. आणि ती भरली जाईल तेव्हा पहिली नायिका कशीही निघाली तरी आपण म्हणणारच, अशी मुलगी नसते बुवा.

अर्धविराम
@जुनाबाजार, पूर्ण मान्य. @कडुलिंब, एक शेवटचं टोचून घ्या: कॅटनिसच्या तिसऱ्या पुस्तकाच्या, 'मॉकिंगजे'च्या, उपसंहारात तिला नवरा आणि दोन मुलं. पीटाला मुलं हवी होती म्हणून ती पंधरा वर्षांनी राजी होते. अल्कॉटनं १८६८ मध्येच डायरीत लिहून ठेवलंय की मुली पत्रांतून विचारतात नायिकांची लग्नं कुणाशी होणार, जणू बाईच्या जन्माचं तेवढंच ध्येय. आणि १४० वर्षांनीही आपण तिथेच?

कडुलिंब
लग्न लावून अल्कॉटनंही दिलंच की ज्योचं, प्रोफेसरशी! आणि त्या उपसंहारात आनंदीआनंद नाही. पोरं ज्या कुरणावर खेळतात तिथं खाली प्रेतं पुरलेली आहेत, हिला अजून वाईट स्वप्नं पडतात, आणि ती पोरांना एक दिवस कशी समजावून सांगायची याचा ती विचार करतेय. तुमची तिशीची बाई शोधत होतात ना तुम्ही? ती इथं आहे. दोन पानं मिळालीत तिला. बाकीची तीन पुस्तकं सोळा-सतराच्या मुलीचीच आहेत.

दहावी_क
ती दोन पानं मी दर वेळी गाळते.