प्रतिसाद: शिकागोत गहू उतरला, मग पीठ महागच का?

प्रश्न असा विचारला गेलाय की २०२२ नंतर गव्हाचे जागतिक भाव उतरले, तरी आयातदार देशांत पीठ स्वस्त का झालं नाही. शिकागोच्या वायदे बाजारातला भाव प्रति बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकी माप) असतो. गव्हाचा एक टन म्हणजे ३६.७४ बुशेल. म्हणजे ६ डॉलरचा भाव टनाला साधारण २२० डॉलर होतो. त्यावर जहाजभाडं, विमा, बंदरखर्च, आयातशुल्क, अंतर्गत वाहतूक आणि दळणाचा खर्च चढतो. गहू निम्म्यावर आला तरी यातलं बाकी काही निम्मं होत नाही.

खरी गोम मात्र विनिमय दरात आहे, आणि चर्चेत नेमकी तीच सुटते. इजिप्तचंच बघा. मार्च २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १५.७ इजिप्शियन पौंड पडत होते, जानेवारी २०२३ मध्ये ३० च्या आसपास. या काळात डॉलरमधला भाव तिसऱ्या हिश्श्याने जरी उतरला, तरी पौंडांत गहू सव्वापटीहून महागच पडतो. शिवाय डॉलरच मिळाले नाहीत की पतपत्रं (बँकेने विक्रेत्याला दिलेली पैशांची हमी) अडकतात, माल बंदरात पडून राहतो आणि विलंबशुल्कही पिठावरच बसतं.

म्हणून नुसता जागतिक भावाचा निर्देशांक पाहू नका. बंदरापर्यंतचा खर्च स्थानिक चलनात मांडून मगच तुलना करा.