ताट एकट्या मुलाचं बदलून भागत नाही
वजन जास्त असलेल्या मुलांबद्दल ‘मुलानेच जिद्द धरली तर वजन उतरतं’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात ना किराणा असतो ना स्वयंपाक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अख्ख्या कुटुंबाला धरून, ३ ते १२ महिन्यांत २६ किंवा जास्त तास समोरासमोर मार्गदर्शन सुचवलंय. ‘गोड बंद कर, रोज पळ’ असं पाच मिनिटांत सांगणं हा उपचारच नव्हे.

आमच्याकडे लेकीला भाकरी-पालेभाजी आणि बाकीच्यांना फरसाण, असं चार महिने चाललं. ती चोरून खायला लागली. मग फरसाणाचा डबाच घरातून गेला, जेवणानंतर चौघं मिळून चालायला लागलो, ‘जाडे’ ही हाकही बंद केली. वजन सावकाश हललं, पण चोरून खाणं थांबलं.