वर्धा-वरोरा लाईन कोळशासाठीच!

भाऊ, तुम्ही वर लिहिलं की विदर्भातली रेल्वे इंग्रजांनी फक्त कापूस मुंबई बंदरात न्यायला टाकली, ते खामगाव, अमरावतीच्या फाट्यांबद्दल खरं आहे, पण आमची वर्धा-हिंगणघाट-वरोरा लाईन विसरू नका ना. तिचं नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे होतं, म्हणजे सरकारनं स्वतः बांधलेली, आणि १८७० च्या दशकात ती वरोऱ्याच्या खाणीपर्यंत पोचली. मुंबई-नागपूर लाईन १८६७ लाच झाली होती पण इंजिनाला कोळसा लागतो, अन् कोळशाच्या खाणींचं राणीगंज पडलं तिकडं बंगालात, ते १८५५ पासून हावड्याला म्हणजे कलकत्ता बंदराला जोडलेलं. म्हणून इथला कोळसा इतका मोलाचा होता, हिंगणघाटचा कापूस बंदराकडं ओढायला इंधन शेजारचंच. माझ्या मते हेच खरं प्लॅनिंग होतं, याच्याबद्दल कोणी बोलतच नाही याचं वाईट वाटतं. १९०६ ला वरोऱ्याची खाण बंद पडली, लाईन मात्र राहिली, पुढं बल्लारशाहवरून १९२९ च्या आसपास काझीपेटला जोडली अन् दिल्ली-मद्रास मेन लाईन झाली. आमच्या गावच्या फाटकावर आजही कोळशाची मालगाडी गेली की रुळाच्या कडेच्या पऱ्हाटीची पानं काळी दिसतात, कापूस अन् कोळसा एकाच धुऱ्यावर.