शनिवार-रविवार दोघांसाठी : चेस्की क्रुमलोव्ह की कुत्ना होरा?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत मशीनशॉपला असतो. ऑक्टोबरात कामासाठी तीन आठवडे प्रागला पाठवालेत. शेवटच्या आठवड्यात बायको येणार, म्हणजे एक शनिवार-रविवार हातात. लग्नाला ११ वर्षं झाली. दोघांनीच म्हणून गेलेली ठिकाणं दोन, आंबोली आणि गोकाकचा धबधबा. त्यातही गोकाकला मेहुणा होता.

कामावरचा एक जण म्हणतो क्रुमलोव्हला जा, फोटो झकास येतात. दुसरा म्हणतो कुत्ना होरा, तिथं माणसांच्या हाडांनी सजवलेलं चर्च आहे. हे बायकोला सांगितलं तर फोनवर दोन मिनिटं काही बोललीच नाही. तिचं माहेर हुपरी, पूर्ण शाकाहारी. माझा गुडघा थोडा कुरकुरतो. एक रात्र राहायचं आहे. कुठं जाऊ?

चंदगडचा पाव्हणा
क्रुमलोव्ह! ह्यात विचार कसला? व्लतावा नदीनं गावाला असा विळखा घातलाय की वरून बघितलं तर गाव बेटावर बसल्यागत दिसतंय. वर रोझेनबर्ग घराण्याचा किल्ला आणि किल्ल्याच्या खंदकात खरीखुरी अस्वलं. १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रागच्या ना क्निझेत्सी स्टँडवरनं बस मिळते, तीन तास धरा. दुपारी चालायला जागा नसते, खरं संध्याकाळी टुरिस्ट बसेस गेल्या की गल्ल्या तुमच्याच. बुरुजाला १६२ पायऱ्या आहेत, तेवढा गुडघ्याचा विचार करा.

खानापूरची सून
दादा, वहिनी हुपरीच्या म्हणता आणि तरी विचारता? कुत्ना होराला न्या त्यांना. हुपरीत चांदी बाहेरून येते आणि घडते. ह्या गावात ती जमिनीतूनच निघायची.

आम्ही दोन वर्षं प्रागला होतो. पहिल्या खेपेला सगळे करतात तेच केलं. सकाळची रेल्वे, हाडं बघितली, कॅथेड्रलमधून पळत एक चक्कर, चारच्या गाडीनं परत. घरी येऊन 'झालं बघून' म्हणाले सुद्धा. दुसऱ्यांदा माझी नणंद आली म्हणून रात्री राहिलो, तेव्हा कुठं गाव कळलं.

प्रागच्या मुख्य स्टेशनवरून साधारण तासाभराची रेल्वे. खरं लक्षात ठेवा, कुत्ना होराचं मुख्य स्टेशन गावात नाही, सेडलेत्स भागात आहे. हाडांचं चर्च तिथून चालत जवळ. म्हणून ते आधी उरका, मग छोट्या लोकल गाडीनं 'कुत्ना होरा म्येस्तो'ला, म्हणजे जुन्या गावाकडं या. तिकीट चर्चच्या दारात नाही, जवळच्या माहिती केंद्रात मिळतं. सेडलेत्सची दोन चर्चेस आणि बार्बरा कॅथेड्रल मिळून एकच तिकीट घ्या.

हाडांचं वहिनींना असं सांगा. १२७८ मध्ये तिथल्या मठाधिपतीनं जेरुसलेमहून, येशूला क्रुसावर दिलं त्या गोलगोथाची मूठभर माती आणून स्मशानात टाकली, अशी कथा आहे. मग काय, आम्हाला इथंच पुरा म्हणून रीघ लागली. आपल्याकडं काशीला देह ठेवायचं म्हणतात तसंच की ते. पुढं १३४८ च्या सुमाराला प्लेग आला, नंतर हुसाइट युद्धं, म्हणजे यान हुस ह्या धर्मसुधारकाच्या अनुयायांची युद्धं झाली. सुमारे ४० हजार माणसांची हाडं असल्याचं सांगतात. १८७० मध्ये रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्यानं ती मांडली. भलंमोठं झुंबर आहे, आणि आपलं नावसुद्धा त्यानं हाडांनीच लिहून ठेवलंय. मला भीती अजिबात वाटली नाही. आत शिरताना हात आपोआप चपलेकडं गेला एवढंच. फोटो काढायला बंदी आहे आणि मला तरी ती योग्यच वाटली.

आता चांदी. ह्राडेक नावाच्या जुन्या वाड्यात चांदीचं संग्रहालय आहे. तिथून जुन्या खाणीत नेतात. अंगात खाणकामगारांचा पांढरा डगला, डोक्यावर हेल्मेट, हातात दिवा. वाट एवढी चिंचोळी की काही ठिकाणी आडवं होऊन सरकावं लागतं. आमचे हे पोटानं अडकले. मागची एक जर्मन आजी 'श्वास आत घ्या' म्हणून खुणा करून दमली. मध्येच एका जागी सगळ्यांना दिवे बंद करायला लावतात. असला काळोख मी अमावास्येला खानापूरच्या जंगलातही बघितला नव्हता. जिने बरेच आहेत, वाकून चालावं लागतं, तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधूनच जा. सोमवारी बंद असतं, तुमचे वार बरोबर बसतात.

खाणीतून थेट बार्बरा कॅथेड्रलला जा, आधी नको. आत पांढऱ्या डगल्यातल्या खाणकामगाराचा पुतळा आहे. तासाभरापूर्वी तोच डगला अंगात घालून सरपटलेलो असलो की त्याच्याकडं बघणं वेगळं होतं. बार्बरा ही खाणकामगारांची रक्षणकर्ती संत. बांधकाम १३८८ ला सुरू झालं आणि १९०५ ला संपलं. बेळगावातल्या गेटजवळच्या रखडलेल्या उड्डाणपुलाला नावं ठेवायचं मी त्या दिवसापासून बंद केलं.

राहिला 'व्लाश्की द्वूर', म्हणजे इटालियन वाडा. दुसरा वाक्लाव्ह राजा, त्यानं फ्लोरेन्सहून जाणकार आणवले आणि १३०० पासून इथं चांदीचं 'प्राग ग्रोश' नाणं पाडायला लागले. कुत्ना होराचा १४०९ चा हुकूमनामाही प्रसिद्ध आहे. प्राग विद्यापीठात चेक लोकांना तीन मतं, बाकीच्या तिन्ही गटांना मिळून एक! जर्मन मास्तर आणि विद्यार्थी उठून गेले आणि लाइपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं. हे कळल्यावर आमच्या ह्यांनी तिथल्याच बाकावर बसून बेळगावचं सगळं काढलं, पाट्यांपासून. अर्ध्या तासानं मी म्हटलं, अहो, सुट्टीवर आलोय आपण.

संध्याकाळी कॅथेड्रलसमोरच्या बार्बोर्स्का रस्त्यावर कठड्याला टेकून बसा. एका बाजूला संतांच्या पुतळ्यांची रांग, खाली उतारावर द्राक्षमळे. दिवसाची माणसं प्रागला परत गेलेली असतात. तुम्हाला दोघांनाच हवं होतं ना काहीतरी?

उद्यमबागकर
ताई, हे सगळं बायकोला फोनवर वाचून दाखवलं. चांदीपर्यंत नुसती हूं हूं, चांदीला म्हणाली, अजून निघते काय तिथं? आणि जेवणाचं काय करावं? पैसे युरोत न्यावेत की कसं?

खानापूरची सून
नाही ओ, चांदीचं वैभव सोळाव्या शतकातच उतरलं. आता नुसती भोकं उरलीत जमिनीत. दुकानात दागिने मिळतील, खरं वहिनी हुपरीच्या, त्यांना ते पसंत पडायचे नाहीत.

निपाणीचा भाऊ
जेवणाचं मी सांगतो, तिथं सहा महिने काढलेत. 'बेझ मासा' हे दोन शब्द पाठ करा. अर्थ मांसाशिवाय, आपल्याला मात्र मासाच ऐकू येतो. तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', बटाट्यासोबत सगळीकडं मिळतं. तीन दिवसांवर नको, पोट बोंबलतं. बटाट्याचे 'ब्राम्बोराक' म्हणजे आपलं थालीपीठच, लसूण घातलेलं. लसणाचं सूप मागताना विचारा, त्यात हॅम टाकतात. 'स्विच्कोवा' गोमांसाचं असतं, वहिनींनी त्या वाटेला जाऊ नये. फळांचे 'क्नेडलीक' मात्र खायचेच. मोदकाचे लांबचे भाऊबंद, आत जर्दाळू नाहीतर प्लम.

युरो नाही, तिथं कोरुना चालतो. रस्त्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या काउंटरवर दर बघितल्याशिवाय नोट पुढं करू नका. मी केली होती, किती गेले ते अजून बायकोला सांगितलेलं नाही. शेंगाचटणी खुशाल न्या. कुंदा नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

उद्यमबागकर
कुत्ना होरा ठरलं. गुडघ्याचा पट्टा काल घेतला. कुंद्याचं तुम्ही आत्ता सांगता? दीड किलोची ऑर्डर परवाच दिली. मेहुणा म्हणालाय, मी येतो संपवायला.