हाँगकाँगमध्ये जुना कच्चा पु-अर घ्यायचाय, काय घेऊ?

मुशाफिर: कामानिमित्त इथे आलोय. एका सहकाऱ्याकडे जुना कच्चा पु-अर (शंग, म्हणजे न शिजवता वर्षानुवर्षं मुरवलेला चिनी चहा) प्यायलो, तेव्हापासून दुसरा चहा गोड लागेना. बजेट ५०० हाँगकाँग डॉलर, वर एक पैसा नाही. कुठला घेऊ आणि करायचा कसा?

रानवारा: मेंगहाय कारखान्याची ७५४२ घ्या, चहा दाबून केलेली ३५७ ग्रॅमची चकती. बजेट वाढवा, पस्तावणार नाही. माझ्याकडच्या जुन्या चकतीला कापराचा वास आहे, घोट गिळल्यावर घशात गोडी उतरते.

तांबडफुटी: ७५४२ला +१. पण ७५ म्हणजे मिश्रण ठरलं ते १९७५ साल, ४ पानांची प्रत, २ कारखाना. चहा त्या सालचा नव्हे. वेष्टनावरची तारीख बघा.

कोकणकडा: मला एका दुकानदारानं ऐंशीच्या दशकातली म्हणून चकती दिली. उघडली तर पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास! हाँगकाँगचा दमट माल नकोच, चीनमधल्या कुनमिंगच्या कोरड्या हवेतला घ्या.

रानवारा: कुनमिंगला तो फार हळू मुरतो. थोडी ओल लागतेच.

कोकणकडा: ओल वेगळी, बुरशी वेगळी.

शेवंती७: एवढा खर्च कशाला? शिजवलेला (शौ) घ्या, स्वस्त आणि चव तीच.

तांबडफुटी: तीच कशी? शौचे ढीग ओले करून काही आठवड्यांत आंबवतात, ही पद्धत १९७० च्या दशकातली. शंग वर्षानुवर्षं आपणहून मुरतो.

अनुराधा_ठाणे: करायचा कसा ते कुणी सांगेना! १०० मिलीचं गायवान (झाकणाचा चिनी कप), ६ ग्रॅम चहा, खळखळ उकळतं पाणी. पहिलं पाणी लगेच ओतून द्या. पुढचं दहा सेकंदांत गाळा, मग दर वेळी थोडं वाढवा. चकती सुरीनं कापू नका. सुई कडेनं थराखाली सरकवून पानं उचला, चुरा झाला की कडू उतरतो. आणि घरी आणलीत तर मसाल्यांपासून लांब ठेवा, वास लगेच ओढून घेते.

रानवारा: पाणी उकळतंच हवं. आणि ७५४२च.

मुशाफिर: सगळ्यांचे आभार. दुकानात चाखून शियागुआन कारखान्याचा १०० ग्रॅमचा टुओ (वाटीसारखा दाबलेला चहा) घेतला, २००७ चा, इथेच मुरलेला. बजेटमध्ये बसला. सुरुवातीला धुरकट लागतो, चौथ्या पाण्यापासून धूर ओसरतो आणि गोडी येते. मला हाच आवडला.

कोकणकडा: इथेच मुरलेला?? सांगून काय उपयोग.

अनुराधा_ठाणे: शियागुआन फार घट्ट दाबलेला असतो. पहिलं पाणी ओतून दिलं की मिनिटभर झाकून ठेवा, वाफेनं पानं सुटतील.