मदत हवी आहे: घरच्या शेडमध्ये गाडीचं डेंटिंग-पेंटिंग, ड्युको मारू की पीयू?

नमस्कार मंडळी,

घरची १९९८ची पांढरी मारुती ८०० आहे. इंजिन ठणठणीत, पण कोकणातली हवा, त्यामुळे दरवाजांच्या खालच्या कडा आणि रनिंग बोर्ड (दारांखालची पत्र्याची पट्टी) सडलेत. गॅरेजला दिली तर चकाचक होऊन येईल, पण मला हे काम स्वतः शिकायचंय. घाई नाही, गाडी विकायचीही नाही.

भंगारातून एक चेपलेलं मडगार्ड आणून त्यावर हात बसवतोय. मागून डॉली (हातात मावणारा लोखंडी ठोकळा) धरायची, पोचा मधोमध न ठोकता कडेकडेने आत यायचं, एवढं जमतंय. हार्डनर मिसळून घट्ट होणारी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) कोरडीच घासतो, आधी ८०, मग १८०चा पेपर. लांबी पाणी पिते आणि खालून गंज धरतो म्हणून. सरफेसरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) मात्र ६००चा वॉटर पेपर, पाणी लावून. हात फिरवला की सपाट लागतं, पण ओलं करून त्यात ट्यूबलाइट बघितली की लाटा दिसतात! लांब ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासल्यावर त्या बऱ्याच कमी झाल्या.

घोडं अडलंय रंगापाशी. ड्युको, म्हणजे नुसता थिनर उडून सुकणारा रंग, सुकता सुकता दुधाळ होतो. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो, हे कळलं. दुकानदार म्हणतो रिटार्डर घाला, म्हणजे थिनर सावकाश उडेल. ओळखीचे पेंटर काका म्हणतात पीयूच (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारा. पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो, आणि साधा धुळीचा मास्क तिथे कुचकामी. शेडला लागूनच आईची खोली आहे. दार उघडं ठेवलं तर धूळ आणि चिलटं, बंद केलं तर वाफ कोंडते.

मग पावसाळाभर नुसतं पत्राकाम करावं का? आणि रनिंग बोर्डचा पत्रा कापून नवा जोडायला सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तारेने करायचं) शिकावं, की तेवढं बाहेरून करून घ्यावं? कॉम्प्रेसर १ एचपी, २५ लिटरचा आहे; अर्धा दरवाजा मारेपर्यंतच हवेचा दाब कमी होतो.

प्रतिसाद

रनिंग बोर्ड बाहेर द्या. पातळ पत्रा नवशिक्याच्या हातून जळतो, आणि गाडीची ताकद तिथेच असते.

रंग थंडीतच मारा. तोवर पत्रा उघडा ठेवू नका, इपॉक्सी प्रायमर (ओल अडवणारं अस्तर) मारा. नुसता सरफेसर ओल धरतो. दुधाळ झालेला ड्युको लगेच खरवडू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका हात मारला की बरेचदा खुलतो. रिटार्डर जास्त झाला तर मात्र रंग ओला राहतो आणि धूळ धरतो.

कॉम्प्रेसर चालेल, १.० नोझलची छोटी गन घ्या. टाकीतलं पाणी रोज सोडायचं. पीयू घरी नकोच, आईंची खोली शेजारी असताना तर मुळीच नको. दरवाजे सुटे करून काकांच्या गॅरेजात न्या, त्यांच्या देखरेखीखाली मारा.

धागाकर्ता

धन्यवाद दादा. काकांना उद्याच विचारतो. इपॉक्सी आधी मारला तर त्यावर लांबी धरते ना, की ती पत्र्यावरच लावून घेऊ?